डाव्या दाराची काच

‘नशीब’ हा शब्द त्यांच्या घरात उच्चारायला बंदी होती. कुणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर विहिरीची एक बादली ओढून अंगणातल्या लिंबोणीला घालायची, मग तो माणूस रोगी असो, पाहुणा असो की वसुलीला आलेला तलाठी असो. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला आले तेव्हा दारातच बोलून बसले, "नशीब माझं, बुलढाण्यात एवढी हवेशीर जागा मिळाली," आणि ट्रंक खाली ठेवायच्या आधी रहाटाशी उभी राहिले. आपल्याकडची माणसं नशिबाचं नाव फार घेतात. म्हणून ती लिंबोणी बाराही महिने फळांनी लवलेली असायची.

गावात त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. नागपूरला शिकून आलेल्या, एकट्या, पन्नाशीला टेकलेल्या. घराच्या पुढच्या भागात त्यांचा बायकांचा दवाखाना, मागं त्या स्वतः, आणि कडेच्या दोन खोल्यांत मी, मुलींच्या शाळेतली नवी मास्तरीण. नऊवारी लुगडं, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती बैल हुसकायला, कुत्री हाकलायला आणि नवरे लोकांवर रोखायला होती. बायकोला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला त्या कोपरापर्यंत हात धुवायला लावत.

"काऊन बाई? मी तं ओट्यावरच बसून राह्यलो."

"बसा ना. धुऊन बसा."

ओट्यावर बसणाऱ्याने हात कशाला धुवायचे, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मास्तरीण, पुरुषाला अशा वेळी काहीतरी काम द्यावं लागतं. नाही तर तो सल्ले देतो."

दुसरी बंदी ‘बघू’ या शब्दाला. काही विचारलं की त्यांची उत्तरं दोनच, ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’. एखाद्या बाईला होईल म्हटलं, की मग स्वतः जेवणं विसरत, झोपणं विसरत, आणि माझं झोपणंही विसरायला लावत. मला झोप प्रिय. सकाळी अंधारात माझ्या दारावर छत्रीची मूठ वाजली की मी मनात काय काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मोटार. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात बाईंनी ती घेतली होती. कधीकाळी निळी असावी. बुलढाण्यात तेव्हा ज्या दोन-चार मोटारी होत्या त्यांना बहुधा ताडपत्रीचं छप्पर असे. ही मात्र वरून बंद, चार दारांची, काचेच्या खिडक्यांची. दाराच्या आतल्या बाजूला एक दांडी होती. ती फिरवली की काच दाराच्या पोटातून वर चढायची, उलटी फिरवली की पोटात उतरायची. शाळेतल्या मुली ते पाहायला मुद्दाम वाट वाकडी करून येत. बाई स्वतःच गाडी चालवत आणि चढ आला की तिच्याशी बोलत, "चल व माय, चल, थोडंच राह्यलं."

ही मोटार त्यांनी हौसेसाठी घेतलेली नव्हती. आमच्याकडे देशमुखांच्या घरी तेव्हा कडक गोषा असे. त्या घरची बाई अडली तरी रस्त्यावरून, चार लोकांच्या डोळ्यांसमोरून दवाखान्यात आणायची नाही. जे व्हायचं ते घरात होऊ द्यायचं. बाई म्हणत, "त्यांना रस्ता चालत नाही ना? मग मी घराचाच एक तुकडा त्यांच्या दारात नेऊन उभा करते." पहिल्यांदा त्यांनी खिडक्यांना पडदे लावले. पण चिखलीच्या बाजारात, ऐन गर्दीत, वाऱ्यानं एक पडदा उडाला आणि आत बसलेल्या एका देशमुखीणबाईचं तोंड साऱ्या बाजारानं पाहिलं. मागून घोड्यावर तिचा दीर येत होता. त्यानं तिथंच तिला उतरवलं, भाड्याच्या बैलगाडीत घातलं आणि परत नेलं. तिचं पुढं काय झालं ते बाई कधी सांगत नसत. कुणी विचारलंच तर छत्री उचलून बाहेर निघून जात.

त्यानंतर पडदे गेले आणि चुना आला. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंच्या काचांना त्यांनी आतून-बाहेरून चुना फासला. नुसता चुना बायकांच्या लुगड्यांना लागतो, म्हणून त्यात डिंक कालवला. ही युक्ती त्यांची स्वतःची आणि तिचा त्यांना फार अभिमान. पुढच्या सीटच्या मागं जाड जाजम शिवून टाकलं. बाई बसायची असली की काचा वर. ती उतरून गेली की फिनेलनं आतून धुवायचं आणि हवा लागायला डावी काच खाली. उजवी कायमची वरच. अशा बंद पांढऱ्या पेटीतून किती लेकी-सुना आल्या आणि आपल्या पायांनी घरी गेल्या, ते मी पाहिलं आहे.

साखरखेर्ड्याच्या एका देशमुखांच्या घरची सून तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही मुलं घरातच, अडून, पोटातच गेली होती. बाई तिला तपासायला गेल्या तेव्हा मला बरोबर नेलं, कारण जाजमाच्या पलीकडे बाई बसवली की पुढं बोलायला त्यांना कुणीतरी लागायचं. सून विशीतली, डोळे मोठे, आवाज आहे की नाही असा. बाईंनी पोटावर हात ठेवला, दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि ओसरीवर येऊन सासूला सांगितलं, "मूल आडवं आहे. इथं नाही होणार. माझ्याकडे होईल. आत्ताच घेऊन जाते, दिवस भरेपर्यंत माझ्याजवळ राहील."

सासूला घरात मोठ्या बाई म्हणत. लग्न होऊन त्या घरात आल्या त्यानंतर उंबऱ्याबाहेर त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि तरी साऱ्या घराच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला.

"पडद्याची गाडी मले नोका सांगू," त्या म्हणाल्या. "चिखलीची गोष्ट आमच्या कानावर हाये."

"पडदा नाही. पांढरी काच आहे. आतलं बाहेर दिसत नाही."

"वर चढते?"

"चढते."

"मंग आवसेच्या आदल्या दिवशी न्या. आवस झाली का तिले नववा लागते. नववा लागला का आमच्या घरची पोटुशी बाई उंबरा वलांडत नाही. काच चढली असन तं धाडतो. नाही तं राहू द्या."

बाई म्हणाल्या, "होईल."

लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. बाईंनी तेवढ्या फेरीपुरतं पेट्रोल राखून ठेवलं, दवाखान्यातली कोपऱ्यातली खोली सारवून घेतली, आणि निघायच्या आदल्या सकाळी गाडी धुवायला काढली. डावी काच खाली होती. दांडी फिरवली तर ती वीतभर चढली आणि अडली. पुन्हा फिरवली. नाही. मग त्यांनी लुगड्याचा पदर खोचला. पदर खोचला की आता हे काम संपेपर्यंत या घरात स्वैपाक होणार नाही, हे मला कळत असे.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. हा मिस्त्री मुसलमान, जिनिंगमधली इंजिनं, शिवणयंत्रं, कुलपं, सगळं दुरुस्त करणारा, आणि आपल्या हाताखालून जे गेलं नाही ते जगात नाहीच असं मानणारा. त्यानं दांडी एकदा फिरवून पाहिली.

"दाते गेले बाई. आतल्या चक्राचे दाते गेले. लिहून घ्या."

"दाते गेले असते तर दांडी मोकळी फिरली असती. ही फिरते आणि अडते," बाई म्हणाल्या. त्यांनी कानाची नळी आणली, दाराच्या पत्र्याला लावली आणि मला दांडी फिरवायला सांगितली. दवाखान्याच्या ओट्यावर हात धुऊन बसलेले तीन नवरे उठून उभे राहिले. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "चक्र फिरतंय. जोर पोचतोय. मिस्त्री, कळा चांगल्या आहेत हो. मूल अडलंय."

"मंग चिमट्यानं धरून वर वढतो ना!"

"आणि काच फुटली म्हणजे? लढाई चालू आहे. दुसरी काच कुठून आणता?"

"फुटली तं आपलं नशी..." मिस्त्री म्हणाला, स्वतःच थांबला आणि मुकाट्यानं विहिरीकडे गेला.

तोवर अंगण भरलं होतं. शेजारचे पेन्शनर म्हणाले की थंडीनं काच फुगली. काच थंडीनं फुगते हे मी तरी कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एका नवऱ्यानं रॉकेल ओतायला सांगितलं. समोरच्या काकू म्हणाल्या, "दृष्ट लागली असन माय. एवढ्या बाया वाचवल्या या गाडीनं. लिंबू-मिरच्या बांधा." बाई कुणालाच नाही म्हणाल्या नाहीत, कुणाचं ऐकलंही नाही. त्यांची रीत एकच होती. एका वेळी एक गोष्ट करायची, तिचा काय परिणाम झाला ते पाहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. त्यांनी दांडी काढली, दाराचं आतलं पुठ्ठ्याचं अस्तर काढलं. निघालेला प्रत्येक स्क्रू औषधाच्या वेगळ्या वाटीत ठेवला आणि मला त्या वाट्यांच्या राखणीला बसवलं. दुपार झाली. मला भूक लागली होती आणि ती मी दोनदा बोलूनही दाखवली.

दाराचं पोट उघडं झालं. घशात पाहायचा आरसा आणि बॅटरी घेऊन बाई आत डोकावल्या. चक्र धड, त्याचे दाते धड, काचेला उचलणारा दांडा धड. मिस्त्रीनं स्वतः डोकं आत घालून पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "हाव, दाते तं हाएत."

"मग वाट पाहू," बाई म्हणाल्या. म्हणजे काच ज्या दोन खाचांतून वर सरकते त्या खाचा. त्यांना आतून बनातीची पट्टी असते, काचेला ओरखडा पडू नये म्हणून. बाईंनी टाके घालायची वाकडी सुई त्या खाचेत घातली. बनात मऊ लागायला हवी होती. सुई टक्क वाजली. त्यांनी खरवडलं तर सुईच्या टोकाला पांढरी खडी आली.

"गंज असन," मिस्त्री म्हणाला.

"पांढरा गंज?"

बाईंनी ती खडी तळहातावर घेतली, नाकाशी नेली. मग समोरच्या काकूंना म्हणाल्या, "मिरच्या ठेवा तुमच्यापाशी. लिंबू द्या." लिंबू कापलं, त्याचा थेंब खडीवर पिळला. खडी फसफसली.

माझ्या लक्षात काही आलं नाही. मिस्त्रीच्याही नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला आणि मग त्या एकदम मोठ्यानं बोलल्या, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "सगळे ऐका. चोर सापडला. चुना मी लावला, त्यात डिंक मी घातला. काच खाली-वर होताना तो खरवडून खाचेत पडला, त्यावर मीच फिनेलचं पाणी मारलं, आणि तो दगड झाला. दृष्ट नाही, दाते नाही. मी आहे."

एवढं बोलून झाल्यावर त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "लिंबं तोडा," म्हणाल्या.

मग काय तो लिंबांचा उत्सव! हात धुतलेल्या नवऱ्यांना अखेर खरोखरचं काम मिळालं. ते लिंबं पिळत बसले. काकू बिया गाळत होत्या. बाई औषधाच्या पिचकारीत रस भरून खाचेत सोडत, थांबत, सुईनं खरवडत, पाण्यानं धुवत, पुन्हा सोडत. मिस्त्रीनं आता वाद सोडला होता आणि आपली खरी कला काढली होती. तो काच दोन्ही तळव्यांत धरून किंचित खाली घ्यायचा, किंचित वर, हिसका न देता, दळताना खुंटा हलवावा तशी. "वर जायाच्या आंधी खाली जाऊ द्या तिले," तो सांगे. मधे एकदा काच करकरली आणि सगळ्यांचे हात थांबले. बाई म्हणाल्या, "चालू ठेवा."

दिवेलागणीच्या सुमारास काच पूर्ण वर चढली. वरच्या कडेला जाऊन टेकली. मिस्त्रीनं खाचांत मेणबत्ती घासली आणि दांडी बसवून काच चार वेळा खाली-वर केली, आणि प्रत्येक वेळी अशा ऐटीत आमच्याकडे पाहिलं की जणू दात्यांचं कुणी बोललंच नव्हतं. आम्ही हसलो. आणि मग मला दिसलं की त्या काचेतून मला पलीकडची लिंबोणी स्वच्छ दिसते आहे. दिवसभरच्या लिंबाच्या रसानं चुना पार धुऊन गेला होता.

"आता परत चुना लावू?" मी विचारलं.

"ओला चुना पहाटेपर्यंत वाळत नाही. हादऱ्यानं पुन्हा खाचेत उतरेल."

"मग उद्या मोठ्या बाईंना काय सांगणार?"

"जे आहे ते."

मला राग आला. मी म्हटलं, एवढं सगळं करून त्या बाईनं नाही म्हटलं तर? एकदा चादर लावून, काही सांगून, कसंही करून पोरीला घेऊन येऊ. मूल आडवं आहे असं तुम्हीच म्हणता ना? बाई वाट्यांमधले उरलेले स्क्रू पुसत होत्या. म्हणाल्या, "चिखलीच्या त्या बाईलाही मी म्हटलं होतं की पडदा उडणार नाही." 

सकाळी आम्ही निघालो. चिखलीच्या पुढं कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि बाई एकेका बैलाला वाट मागत चालल्या होत्या. साखरखेर्ड्याला दारापासून गाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी कनाती धरलेल्या होत्या. गडी माणसं पाठमोरी. मोठ्या बाई स्वतः उंबऱ्याशी आल्या, कनातीच्या आतून गाडीपर्यंत चालल्या आणि आधी उजवी काच पाहिली, मग डावी. डाव्या काचेवर त्यांनी बोट ठेवलं. सुनेची जागा सारखी करायला मी मागच्या सीटवर शिरले होते, ती काचेतून त्यांना दिसत होते.

"हे काय?"

बाईंनी सगळं सांगितलं. चुना, डिंक, खाच, लिंबू, काही वगळलं नाही. "काच चढते. चुना नाही. फसवून नेणार नाही. पण मूल इथं नाही होणार, मोठ्या बाई. तिसऱ्यांदाही नाही होणार."

ओसरीवर कुणीतरी पुरुष खाकरला. मोठ्या बाईंनी तिकडं नुसतं पाहिलं आणि खाकरणं थांबलं. सून त्यांच्या मागं, डोक्यावरून शाल घेऊन, दोन्ही हात पोटावर धरून उभी होती.  मोठ्या बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काचेकडे. मग कमरेच्या किल्ल्या सोडून उंबऱ्यात उभ्या असलेल्या थोरल्या सुनेच्या हातात दिल्या.

"उजवीकडं तिले बसवा, चुन्याच्या अंगानं. इकडून मीच बसीन. माह्या पाठीमागून कोनाले दिसते ते पाहतो ना!"

आणि बसल्या. सबंध खिडकीभर बसल्या.

गाव सुटेपर्यंत जाजमामागून आवाज आला नाही. मग मोठ्या बाईंचा आला, जरा ओशाळा. "डाक्टरीनबाई, हे पिवळं पिवळं काय हाये?" बाईंनी गाडी सावकाश केली आणि सांगितलं, करडई. थोड्या वेळानं, "एवढ्या गाड्या कोठी चालल्या?" जिनिंगला. लग्नात त्या याच रस्त्यानं झाकलेल्या दमणीतून आल्या होत्या, तेव्हा बैलांच्या घुंगरांशिवाय त्यांना काही कळलं नव्हतं. मग सुनेचा तो आहे की नाही असा आवाज, "काय दिसून राह्यलं आत्याबाई?" आणि सासू सांगू लागली. तळं दिसते. पोरं दिसतेत. एक म्हातारा दिसते, शेळीमागं धावून राह्यला. बाईंचे दोन्ही हात चाकावर होते आणि डोळे समोर, पण बुलढाण्यापर्यंत त्यांनी वेग काही वाढवला नाही.

महिनाभर मोठ्या बाई आमच्याकडे राहिल्या. दवाखान्यात पहिल्याच दिवशी त्या ‘नशीब’ म्हणाल्या. बाईंनी बादलीकडे बोट दाखवलं. दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं रहाट वाजला. कोण ओढत होतं ते मी पाहायला गेले नाही.

सुनेच्या कळा पहाटे सुरू झाल्या आणि दुपार टळली तरी चालल्या होत्या. मूल आडवंच होतं. बाईंनी हातानं ते फिरवलं. ते कसं, ते मला सांगता येणार नाही, कारण मी बाहेर ओट्यावर कोपरापर्यंत हात धुऊन बसले होते. एवढं आठवतं की बाईंचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. मग एक बारीक रडणं ऐकू आलं आणि मी स्वतःही मोठ्यानं रडले. मुलगी झाली होती. सासू काय म्हणते या भीतीनं मी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"रडली ना? मंग झालं," त्या म्हणाल्या.

घरी न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई अंगणात चुना कालवत बसल्या. या वेळी त्यांनी रीत बदलली होती. काचेच्या कडेला चार बोटं जागा मोकळी सोडून मधेच चुना लावायचा, म्हणजे खाचेत उतरणार नाही. मला त्यांनी पट्टी धरायला बसवलं होतं. मोठ्या बाई बाळाला घेऊन ओट्यावर आल्या.

"त्या काचेले नोका लावू," त्या म्हणाल्या.

बाईंचा हात थांबला. "का? आता नाही अडकणार. मी बघितलंय."

"येताना म्या पाह्यलं. आता माह्या सुनेले पाहू द्या." त्यांनी बाळाची कुंची सारखी केली. "उद्या मी उजवीकडून बसीन. अन् काच खालीच राहू द्या. आमच्या गावची शिव आली का चढवजा." मग त्यांनी विचारलं, "चढते ना आता?"

मी तिथं दोन वर्षं राहिले. त्या काळात डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायला वेळ लागलेला मी एवढा एकदाच पाहिला.

"चढते," त्या म्हणाल्या, आणि कालवलेला चुना त्यांनी बाजूला सारला.